लघवी गळण्याचं ऑपरेशन आणि नंतरचं इन्फेक्शन: आकडे इतके वेगवेगळे का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. आईचं वय ६१. दहा-बारा वर्षं खोकलं, शिंकलं, काही जड उचललं की लघवी गळते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मनापासून करून झाले, फरक थोडाच पडला. आता मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याच्या ऑपरेशनचा सल्ला मिळालाय. तुम्ही स्वतः शोधनिबंध चाळले. एकात ऑपरेशननंतर इन्फेक्शन अगदी थोड्या बायकांना झालं असं दिसलं, दुसऱ्यात जवळपास निम्म्यांना. तर यातलं खरं कोणतं? आधीपासून आठवडाभर अँटिबायोटिक दिलं तर धोका टळेल का? आणि नंतर त्रास नसला तरी लघवी तपासत राहायची का?

मी बावीस वर्षं हीच ऑपरेशनं करते आहे. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही हे सांगणार नाही. मधुमेह आहे का, पूर्वी वारंवार उन्हाळी लागायची का, अंग बाहेर येण्याचा त्रास आहे का, घाईची लघवीही सोबत आहे का, या गोष्टींवर बरंच काही ठरतं आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पण आकड्यांचा गुंता सोडवता येईल.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. ‘इन्फेक्शन’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, लघवीच्या पिशवीतलं इन्फेक्शन. दोन, जखमेतलं. तीन, बसवलेल्या पट्टीचं. तिन्हींची कारणं वेगळी, प्रमाण वेगळं आणि उपायही वेगळे. तुमच्या डोक्यात भीती बहुधा तिसऱ्याची आहे, आणि आकडे तुम्ही वाचलेत पहिल्याचे.

जखमेचं पटकन उरकते. पट्टीच्या ऑपरेशनमध्ये योनीच्या पुढच्या भिंतीवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद असतो आणि कातडीवर दोन बारीक टोचे. एवढ्याशा जखमेत पू होणं क्वचितच दिसतं. पोटावर छेद घेऊन करायच्या जुन्या पद्धतींत, म्हणजे १९६१ मध्ये बर्च यांनी सांगितलेल्या शस्त्रक्रियेत किंवा स्वतःच्याच पोटाच्या आवरणाची पट्टी काढून वापरतात त्यात, जखम मोठी असते. तिथे मधुमेह आणि पोटावरची चरबी यांचा हिशोब करावाच लागतो.

पट्टीच्या बाबतीत मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे संशोधनाने खरोखर काहीतरी शिकवलंय. ही पट्टी म्हणजे विणलेली जाळीच, आणि सगळ्या जाळ्या सारख्या नसतात. जंतू साधारण एका मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याला खाणाऱ्या पेशी त्याच्या कितीतरी पट मोठ्या. जाळीची छिद्रं ७५ मायक्रॉनहून मोठी असली तर या पेशी, रक्तवाहिन्या आणि नवीन ऊती आत शिरू शकतात आणि जाळी शरीरात मुरते. पण धागा अनेक तंतू पिळून केलेला असेल, तर तंतूंमधल्या दहा मायक्रॉनहून कमी फटीत जंतू शिरतो, पेशी शिरत नाही. चोराला बोळ सापडतो, पोलिसाची गाडी जात नाही, असा प्रकार. सुरुवातीच्या काळातल्या काही घट्ट विणीच्या पट्ट्या याच कारणाने पिकल्या आणि बाजारातून गेल्या. आज वापरतात ती एकेरी तंतूची, मोठ्या छिद्रांची पॉलिप्रोपिलीनची पट्टी. तिला स्वतःला इन्फेक्शन होणं दुर्मीळ. ती योनीत उघडी पडू शकते, ती वेगळी गुंतागुंत. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ मध्ये अशा जाळ्यांचा वापर थांबवला गेला, हे तुम्ही वाचलं असेल. तिथल्या बायकांच्या तक्रारी मुख्यतः कायमची वेदना आणि जाळी ऊतींमधून बाहेर येणं याबद्दल होत्या. त्या गंभीर आहेत आणि ऑपरेशनपूर्वी त्यावर डॉक्टरांशी स्वतंत्र बोलणं व्हायलाच हवं. पण तो विषय वेगळा, आज तुम्ही विचारलेला नाही.

आता मूळ मुद्दा, लघवीच्या पिशवीचं इन्फेक्शन. तुम्ही वाचलेला ‘निम्म्या बायकांना’ हा आकडा माझ्या अंदाजाने २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातला असावा. ६५५ बायका, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले दोन गट. एका गटात बर्चचं ऑपरेशन, दुसऱ्यात स्वतःच्याच ऊतीची पट्टी. दोन वर्षांत पट्टीच्या गटातल्या ४८ टक्के बायकांना लघवीचं इन्फेक्शन झालं, बर्चच्या गटातल्या ३२ टक्क्यांना. नुसतं वाचलं तर धडकी भरते. पण त्याच अभ्यासात आणखी एक ओळ आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. लघवी नीट बाहेर न पडण्याचा त्रास पट्टीच्या गटात १४ टक्क्यांना झाला आणि बर्चच्या गटात २ टक्क्यांना. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जिथे पिशवी रिकामी व्हायला अडचण, तिथे इन्फेक्शन जास्त. आणि ही आईला सुचवलेली बारीक पट्टीही नव्हे. तिच्यापेक्षा मोठं ऑपरेशन आहे ते.

शिवाय मोजणी दोन वर्षांची आहे. एखादा अभ्यास सहा आठवडेच मोजतो. पाऊस एका महिन्याचा मोजला की वर्षाचा, यावर मिलिमीटर ठरणारच. शिवाय साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात कधीतरी एकदा तरी उन्हाळी लागतेच, ऑपरेशन होवो न होवो. दोन वर्षांच्या मोजणीत हेही मिसळलेलं असतं.

तिसरा घोळ व्याख्येचा. एका मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू वाढले तर इन्फेक्शन, ही कसोटी १९५०च्या दशकातली. पुढे १९८२ मध्ये असं दिसलं की जळजळ असणाऱ्या बाईत शंभर जंतूसुद्धा खऱ्या इन्फेक्शनचे असू शकतात. म्हणजे एक अभ्यास लाखावर रेघ ओढतो, दुसरा शंभरावर, आणि तिसरा नुसती अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहिली गेली की एक इन्फेक्शन मोजतो. या तिसऱ्या प्रकाराचा मला फार राग येतो. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस लघवीसाठी घातलेल्या नळीमुळे मूत्रमार्ग चुरचुरतो, पट्टीभोवती सूज असते, लघवी सारखी लागते. बाई फोन करते, कुणीतरी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, न करता गोळ्या लिहून देतं, आणि निबंधात एक आकडा वाढतो. त्यातल्या कितीजणींच्या लघवीत जंतू होते, कुणालाच ठाऊक नसतं.

थोडक्यात, पुढच्या वेळी आकडा वाचाल तेव्हा तीन गोष्टी बघा: कोणतं ऑपरेशन, किती दिवसांची मोजणी, आणि इन्फेक्शन कशाला म्हटलंय.

मग इन्फेक्शन होतं कशामुळे? जंतू बहुतेक वेळा बाहेरून ऑपरेशन थिएटरमधून येत नाहीत. ते बाईच्या स्वतःच्या आतड्यातले असतात, बहुतेकदा ई. कोलाय. गुदद्वाराकडून योनीच्या तोंडाशी आणि तिथून मूत्रमार्गात. हा मार्ग बाईमध्ये तीन-चार सेंटिमीटरचाच. रोज थोडेफार जंतू वर चढतातच, पण लघवीची धार त्यांना धुऊन काढते. ऑपरेशननंतर ही धुण्याची सोय बिघडते. भूल, दुखणं, सूज आणि नव्या पट्टीचा आधार, यांमुळे पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यात नळी असेल तर तिच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात. नळी आत असेल तर लघवीत जंतू सापडण्याचा धोका रोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो, हा फार वर्षांचा अनुभव आहे. एक दिवस आणि सात दिवस यात केवढा फरक पडतो, ते तुम्हीच हिशोब करा.

याचा वेगळ्याच बाजूने मिळालेला पुरावा मला जास्त पटतो. घाईच्या लघवीसाठी पिशवीच्या स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. त्यात छेद नाही, पट्टी नाही, टाके नाहीत. २०१२ च्या एका अभ्यासात सुमारे अडीचशे बायकांपैकी निम्म्यांना बोटॉक्स दिलं, निम्म्यांना गोळ्या. इन्फेक्शन बोटॉक्सच्या गटात ३३ टक्क्यांना, गोळ्यांच्या गटात १३ टक्क्यांना. २०१६ मध्ये बोटॉक्सची तुलना कमरेखालच्या मज्जातंतूला हलका विद्युत उत्तेजक बसवण्याशी केली, तेव्हाही ३५ विरुद्ध ११ टक्के. दुसऱ्या उपायात तर प्रत्यक्ष यंत्र शरीरात बसवतात, तरी लघवीचं इन्फेक्शन कमी. म्हणजे ‘आत वस्तू बसवली म्हणून लघवीत इन्फेक्शन’ हे सरळ समीकरण टिकत नाही. बोटॉक्सने पिशवीचा जोर कमी होतो आणि लघवी मागे राहते. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर, २०१२ च्या त्या अभ्यासात दोन महिन्यांनी नळी वापरावी लागणाऱ्या बायका फक्त ५ टक्के होत्या. तेव्हा सगळा दोष नळीवर ढकलता येत नाही. थोडी थोडी मागे राहणारी लघवीही काम करत असणार.

आता अँटिबायोटिक. इथे आधी माझी चूक कबूल करते. पहिली काही वर्षं मी प्रत्येक बाईला घरी जाताना सात दिवसांच्या गोळ्या द्यायचे. माझ्या वरिष्ठांनी दिल्या, म्हणून मी दिल्या. बाईला बरं वाटायचं, मलाही निर्धास्त झोप लागायची. पुढे २०१४ मध्ये एक नीट केलेला अभ्यास आला. ऑपरेशननंतर नळी घेऊन राहणाऱ्या १५९ बायका, निम्म्यांना नळी असेपर्यंत रोज नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. इन्फेक्शन औषधाच्या गटात २२ टक्के, बिनऔषधाच्या गटात १३ टक्के! हा फरक योगायोगाचा असू शकतो, औषधाने इन्फेक्शन वाढतं असा अर्थ काढू नका. पण फायदा दिसत नाही, हे नक्की. कारणही समजण्यासारखं आहे. नळीवरच्या चिकट थरात औषध नीट पोहोचत नाही, मरायचे ते जंतू मरतात आणि दाद न देणारे मागे उरतात. शिवाय योनीत बुरशी, जुलाब, आणि पुढे खरंच इन्फेक्शन झालं तर लागू पडणारं औषध शोधत बसणं. मी गोळ्या बंद केल्या, तेव्हा आमच्या परिचारिकाच माझ्याकडे संशयाने बघत होत्या.

याचा अर्थ अँटिबायोटिक नकोच असं नाही. छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात शिरेतून एक डोस, बहुधा सेफाझोलिन, हा द्यायलाच हवा. तो जखमेसाठी असतो आणि त्याने काम भागतं. ऑपरेशनच्या आधी जळजळ, ताप, दुर्गंधीयुक्त लघवी असेल तर कल्चर करून ते इन्फेक्शन पूर्ण बरं करायचं आणि मगच टेबलावर घ्यायचं. वर्षात तीन-चार वेळा इन्फेक्शन होणाऱ्या बाईसाठी निर्णय वेगळा असू शकतो, पण तो त्या बाईचा जुना कल्चर रिपोर्ट बघून घ्यायचा. सरसकट आठवडाभराचा कोर्स मात्र नको.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टींना अर्थ आहे.

तुमच्या आईची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असणार. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीतले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, जातात आणि आतड्यातल्या जंतूंना जागा मोकळी होते. १९९३ च्या एका अभ्यासात, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या ९३ बायकांमध्ये, योनीत इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम लावणाऱ्यांत वर्षाला प्रत्येकी ०.५ इन्फेक्शन दिसलं, बिनऔषधाचं क्रीम लावणाऱ्यांत ५.९. हा अभ्यास ऑपरेशननंतरच्या बायकांचा नाही, हे लक्षात ठेवा. तरीही योनीची त्वचा पातळ, कोरडी असेल तर मी ऑपरेशनच्या महिना-दीड महिना आधी क्रीम सुरू करते. जखमही बरी भरते असा माझा अनुभव आहे. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारायचं.

दुसरी गोष्ट पाणी. ती साधी वाटते, पण इथे एक मेख आहे. २०१८ मध्ये, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या १४० तरुण बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी दिलं, तेव्हा वर्षात त्यांना सरासरी १.७ इन्फेक्शनं झाली, बाकीच्यांना ३.२. आता आईकडे बघा. लघवी गळणारी बाई वर्षानुवर्षं पाणी कमीच पिते. बाहेर जायचं असेल तर घोटभरसुद्धा नाही. ऑपरेशन होऊन गळणं थांबलं तरी ही सवय सुटत नाही. मी मुलींना सांगते की नळी काढल्यावर आईच्या हातात गोळ्यांचं पाकीट देण्याऐवजी भरलेली बाटली द्या.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून मगच तारीख घ्या. बद्धकोष्ठ असेल तर तोही आधी मोडा, कारण भरलेलं आतडं पिशवी रिकामी होऊ देत नाही. क्रॅनबेरीबद्दल लोक फार विचारतात. २०१५ च्या एका अभ्यासात स्त्रीरोगाच्या ऑपरेशननंतर १६० बायकांपैकी कॅप्सूल घेणाऱ्यांत १९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३८ टक्के इन्फेक्शन दिसलं. अभ्यास एकच आणि लहान. घ्यायची असेल तर मी अडवत नाही. साखर घातलेला रस मात्र नको.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच कुणी विचारत नाही. डॉक्टरांना विचारा: “नळी कधी काढणार आणि ती काढायची हे कशावरून ठरवणार?” चांगलं उत्तर असं असतं: त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी पिशवीत तीनशे मिलिलिटर पाणी भरून नळी काढू, बाईला लघवी करायला सांगू, दोन-तृतीयांश बाहेर पडलं तर घरी. न पडलं तर काय, तेही विचारा. आठवडाभर नळी ठेवून घरी पाठवण्याऐवजी दिवसातून काही वेळा बारीक नळी घालून पिशवी रिकामी करून लगेच काढायची, हे बहुतेक बायका अर्ध्या तासात शिकतात. साठीच्या बाईला जमणार नाही, हा आपलाच गैरसमज.

त्याच भेटीत ऑपरेशनपूर्वी मागे राहिलेली लघवी सोनोग्राफीत मोजली का, तेही बघा. ती जास्त असेल तर कोणती पट्टी हा प्रश्न उभा राहतो. २०१० च्या ५९७ बायकांच्या अभ्यासात जांघेच्या हाडाच्या मागून जाणाऱ्या आणि मांडीच्या बाजूने जाणाऱ्या पट्ट्यांची तुलना झाली. वर्षभराने यश ८०.८ आणि ७७.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. लघवी अडल्यामुळे पुन्हा ऑपरेशन पहिल्या प्रकारात २.७ टक्क्यांना लागलं, दुसऱ्यात कुणालाच नाही. उलट पायाला बधिरपणा, अशक्तपणा यांसारख्या तक्रारी पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात ९.४ टक्के. इथे एकच बरोबर उत्तर नाही. आईची पिशवी आधीच आळशी असेल तर मी दुसरीकडे झुकते, गुडघे-मांड्यांचं दुखणं असेल तर पहिलीकडे.

युरोडायनॅमिक तपासणी (नळी घालून पिशवीतला दाब मोजण्याची) सांगितली असेल आणि तक्रार नुसती खोकल्यासोबत गळण्याची असेल, तर ती खरंच हवी का हेही विचारा. २०१२ मध्ये ६३० बायकांत ती तपासणी करून आणि न करून ऑपरेशनचं यश ७६.९ आणि ७७.२ टक्के आलं. तपासणी नाही म्हणजे एक नळी कमी.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्रास नसताना लघवी तपासू नका. या वयात कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी बायकांच्या लघवीत जंतू सापडतात आणि त्यांना औषध देऊ नये, असं अमेरिकेतल्या इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटीच्या २०१९ च्या सूचना सांगतात. रिपोर्ट आला की गोळी आलीच, म्हणून रिपोर्टच नको. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, घाण वास येणारा स्राव किंवा रक्त, यांपैकी काही दिसलं तर मात्र थांबू नका. आणि काही महिन्यांनी इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर तिसऱ्या कोर्सऐवजी दुर्बिणीतून पिशवी बघायला सांगा. पट्टीचा एखादा धागा पिशवीत आला असेल तर त्यावर खडा धरतो, आणि कुठलंही अँटिबायोटिक तो काढत नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना हे कळायला चौदा महिने आणि नऊ कोर्स लागले होते.

आणखी एक. घरी गेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत “सारखी लागते आणि थेंब थेंबच होते” असं आई म्हणाली, तर ते इन्फेक्शन समजून घरातली उरलेली गोळी देऊ नका. बऱ्याचदा ती तुडुंब भरलेली पिशवी असते, वरून ओसंडणारी. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन मागे किती लघवी राहते ते मोजून घ्या.